डाव्या चाकाचं पैंजण

"ऐकलंस का मालन? लागलं बघ पैंजण वाजायला," तात्या पुढून म्हणाले, आणि माझ्या काळजात धस्स झालं.

पाचगणी सोडून आम्ही पसरणीच्या घाटाला लागलो होतो. दुपारचे दोन वाजले असतील. तात्या, म्हणजे माझे सासरे, गाडी चालवत होते. मागच्या सीटवर मी डाव्या खिडकीला चिकटून बसले होते आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून निमावन्सं, माझी नणंद, आडव्या पडल्या होत्या. पहिलंच बाळंतपण, आठवा संपून चार दिवस झालेले, आणि सकाळी अकरापासून कळा. सुईणबाईंनी पोटाला हात लावून पाहिला आणि सरळ सांगितलं होतं, "मूल आडवं आहे. माझ्या हातचं हे काम नाही. वाईला डॉक्टरीणबाईंकडे न्या, आणि आत्ताच्या आत्ता न्या."

पहिल्या वळणाला गाडी हळू झाली आणि मागच्या डाव्या चाकातून आवाज आला. छुन्. मग पुन्हा छुन्, छुन्.

तो आवाज त्या दिवशी यायलाच नको होता. आणि हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं.

आता गाडीबद्दल सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एवढ्याशा आवाजाला ही बाई का घाबरली.

तात्यांनी उभी हयात पाचगणीतल्या एका पारशी शेठजींकडे ड्रायव्हर म्हणून काढली. शेठजी कायमचे मुंबईला गेले तेव्हा आपली छोटी काळी ऑस्टिन तात्यांना देऊन गेले. गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. मला वाटलं, सासू नाही म्हणजे सासुरवास नाही. कसलं काय! सगळी कसर गाडीनं भरून काढली. सकाळी तिला खोकला यायचा. तो पाच वेळा आला तर ठीक, सातव्यांदा आला की तात्या हातातला चहा ठेवून बॉनेट उघडायचे. चढाला ती कण्हायची. उजवीकडे वळताना सीटखाली उंदीर चिरकायचा. प्रत्येक आवाजाला नाव होतं आणि बहुतेकांवर तात्यांचा घरगुती इलाज होता. काच खडखडली की पोस्टकार्डाची घडी, डिकी आपटली की सायकलच्या ट्यूबची पट्टी, बिजागरी कुरकुरली की खोबरेल. डॅशबोर्डच्या मागे तर माझ्या रुखवतातल्या गोधडीचा कोपरा कापून कोंबला होता. मला न विचारता! मी तीन दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी.

पण माझे कान तिखट. माझे वडील कराडच्या डेपोत फिटर होते, लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची ती तासन्‌तास तिथंच रमायची. हे तात्यांना कळलं आणि त्यांनी मला मागच्या सीटवर बसवायला सुरुवात केली. "ऐक, आणि कुठून येतोय ते सांग." मी सांगायची, "उजव्या दाराखाली, पुढच्या अंगाला." ते गाडी थांबवून बघायचे आणि आवाज तिथंच सापडायचा. तोंडानं कौतुक कधी करायचे नाहीत, नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी मी जीव टाकायची.

एका आवाजाला मात्र हात लावायचा नव्हता. मागच्या डाव्या चाकातलं पैंजण. सपाटीला गाडी वेगात असली की ते गप्प असायचं, घाटात वेग कमी झाला की छुन्‌छुन् सुरू. मी एकदा म्हटलं, "तात्या, त्या चाकाच्या टोपीत काहीतरी आहे. काढून बघू का?" चाकाच्या मधोमध ती चकचकीत पत्र्याची टोपी असते ना, ती.

"काही बघायचं नाही," ते तुटक म्हणाले. "घाट आला की ती खुशीत येते. वाजू दे."

गाडीला 'ती' म्हणायची त्यांची सवयच होती. 

आणि त्या दिवशी होती खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं पेटीतून बाहेर काढून पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, पाटावर ओळीनं मांडायची. गाडी धुवायची, हार घालायचा. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला कुणी शिवायचं नाही आणि गाडीनं दारातून हलायचं नाही. "वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस त्यांनाही बसू द्या," तात्या म्हणायचे. खुद्द शेठजींनासुद्धा त्या दिवशी बाजारात पायी जावं लागायचं म्हणे.

तात्या आंघोळीला गेले आणि मी गाडी धुवायला घेतली. तीन चाकांच्या टोप्या चिंचेनं घासून लख्ख केल्या. चौथी, डाव्या मागच्या चाकाची, कळकट ती कळकटच. कडेतला चिखल काही निघेना. मी तशी आगाऊच. स्वयंपाकघरातून उलथणं आणलं, कडेत घातलं, आणि टोपी टपकन हातात आली. आतून एक जोडवं खाली पडलं.

चांदीचं जोडवं. एकच. झिजलेलं, एका बाजूनं चेपलेलं. मी बघतच राहिले. कुणाचं हे? आणि चाकात कशाला? आमचे हे पुण्याला नोकरीला, संध्याकाळी यायचे होते. त्यांना विचारू म्हणून मी ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि कनवटीला खोचलं.

तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण टोपीखालचे चारही नट गंजून तांबडे झालेले दिसले. वडिलांनी शिकवलं होतं, गंजका नट दिसला की तेव्हाच सोडवायचा, पंक्चरच्या दिवशी तो आपलं ऐकत नाही. मी पूजेच्या हत्यारांतला चाकाचा पाना गुपचूप उचलून आणला. एकेक नट सोडला, चिंधीनं पुसला, तेलाचं बोट लावलं आणि हातानं फिरवून परत बसवला. चौथा बसवत होते तेवढ्यात आतून हाक आली, "मालन! चाकाचा पाना कुठाय? मी बसलोय इथं पाटाशी."

पाना पदराखालून नेऊन मी ओळीत सरकवला. धावत येऊन टोपी दाबून बसवली. पान्यानं नट आवळायचे राहिले ते राहिलेच. म्हटलं, राहू दे, गाडी कुठं हलतेय आज? उद्या पूजा उचलली की पहिलं काम हेच. तात्यांनी पान्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. मीही जोडले.

अकरा वाजता वन्संना पहिली कळ आली.

निघताना मी अगदीच तोंड शिवलं होतं असं नाही. वन्संना गाडीत बसवताना म्हटलं, "तात्या, चाकाचा पाना घेऊ का बरोबर?"

"पूजेतलं हलवायचं नाही."

"पण तात्या, वाटेत..."

"गाडी हलवतोय ते एक पाप पुरे झालं! बस आत!"

वन्सं ओरडत होत्या. मी बसले. चाक ढिलं आहे. एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण मग टोपी का काढलीस, त्या चाकाला हात का लावलास, आत काय मिळालं, हे सगळं आलंच, आणि तात्यांचा तो आवाज. म्हटलं, बारा किलोमीटरचा तर रस्ता. टिकतील नट. चोवीस वर्षांची होते हो मी. स्वतःची समजूत घालायला मला किती पटकन सुचायचं!

तर आता घाटात पैंजण वाजत होतं.

"खुशीत आहे ती," तात्या म्हणाले. "निमा, ऐकलंस का बाळा? सगळं नीट होणार बघ."

वन्संनी डोळे मिटूनच मान हलवली. त्या आवाजानं बापलेकीला धीर येत होता आणि मला घाम फुटत होता. मी कनवट चाचपली. गाठ होती, गाठीत जोडवं होतं. म्हणजे टोपीत वाजत होता तो गळून पडलेला नट.

एक गेला, तीन आहेत, मी मनात म्हटलं. तीन नटांवर चाक धावतं. वळण संपलं, रस्ता जरा सरळ झाला, तात्यांनी वेग घेतला आणि आवाज थांबला.  खाली वाईची देवळं दिसत होती, कृष्णेचं पाणी चमकत होतं, आणि ते सगळं अजून फार खाली होतं.

"वहिनी," वन्संनी माझं मनगट धरलं, "किती राहिलं हो?"

"आलंच. हे काय, आलंच."

"मला काही झालं तर..."

"गप्प बसा बघू. काही होत नाही."

दुसरं वळण आलं. गाडी हळू झाली. छुन्, छनक्. आता ते एकट्याचं वाजणं नव्हतं, एक दुसऱ्यावर आपटत होता. दोन गेले.

"आज तर नाचतेयच ती!" तात्या म्हणाले. आणि हसले. पोरीला बरं वाटावं म्हणून हसले असतील, पण त्यांचं हसणं ऐकून मला रडू यायला लागलं. बोल, मालन, बोल, असं मी स्वतःला सांगत होते. थांबवलं तर वन्संचं काय? नाही थांबवलं तर सगळ्यांचंच काय? आणि बरोबर पाना नाही. थांबून तरी करणार काय होते आम्ही?

मग ते आलं. आधी मला ते टाचेला कळलं, मग कानाला. सीटच्या खालून, चाकाच्या एका फेऱ्याला एकदा. ठक. ठक. ठक. चाक आपल्या जागेवर डुलायला लागलं होतं.

"तात्या, गाडी थांबवा."

"काय?"

"गाडी थांबवा."

"खुळी झालीस का? ही तडफडतेय आणि गाडी थांबवू? काय झालं तरी काय?"

"चाक वाजतंय."

"पैंजण आहे ते."

"ते पैंजण नाही, तात्या."

"मालन, सात वर्षं ऐकतोय मी तो आवाज! तू मला शिकवू नकोस!"

पुढं वळण दिसत होतं. कठडा दिसत होता, आणि कठड्यापलीकडं काही दिसत नव्हतं. मी कनवटीची गाठ ओढली. ती सुटेना. दातानं सोडवली. जोडवं मुठीत घेऊन हात लांब करून त्यांच्या खांद्यावरून पुढं नेला, तो थेट त्यांच्या डोळ्यांसमोर.

"पैंजण माझ्या कनवटीला होतं, तात्या! हे बघा! चाकात नट वाजतायत! मी सकाळी सोडले आणि आवळले नाहीत!"

गाडी एकदम नाही थांबली. तात्या कसलेले ड्रायव्हर. त्यांनी पाय हळूहळू दाबत नेला, गिअर खाली घेतला, डोंगराच्या अंगाला घेत घेत, अगदी मांजरीच्या पावलानं गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला. मग त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं म्हणजे, माझ्या तळहाताकडं.

ओरडतील, कानाखाली वाजवतील, मी सगळ्याला तयार होते. पण ते खाली उतरले, एक धोंडा ढकलत आणून पुढच्या चाकाला लावला आणि मागच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यावर बसले. मी वन्संचं डोकं अलगद सीटवर ठेवून उतरले.

त्यांना उलथणं लागलं नाही की काही लागलं नाही. टोपी नेमकी कुठून निघते ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. टोपी निघाली तशी त्यांच्या ओंजळीत दोन नट पडले. तिसरा नुसतं बोट लागलं आणि गळून पडला. चौथा दोन आट्यांवर लटकत होता.

"तात्या!" गाडीतून वन्संची किंकाळी आली. "का थांबलात? चला ना हो!"

"हो बाळा. निघतोच," ते म्हणाले. आणि मला हळूच, "हातानं बसव."

मी चारही नट हातानं बसवले. एक नट आडवा जायला लागला, परत काढून सरळ घातला. जितका जोर होता तितका लावला. पण हाताचा जोर तो हाताचाच. सकाळीही तेवढाच लावला होता.

पाना पाचगणीत पाटावर झेंडूच्या फुलाखाली होता.

तेवढ्यात खालून घरघर ऐकू आली. वाईहून एक रिकामा ट्रक चढत होता, पुढं हार, लिंबू-मिरची, आंब्याचे डहाळे. तात्या रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभे राहिले. ट्रक थांबला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, वाईचा हसन.

"काय झालं तात्या?"

"चाक निघालंय. पोरगी अडलीय आत. पाना दे."

हसन खाली उतरला, चाकाकडं बघितलं आणि त्याचं तोंड पडलं. "तात्या, आमचा चाकाचा पाना तुमच्या या नटाला काय कामाचा? हातभर तोंड त्याचं. पेटीत पाइपपाना हाय, तो धरंल. पण..." त्यानं ट्रकच्या पेटीकडं पाहिलं. पेटीवर हार होता, कुंकवाचं स्वस्तिक होतं. "सकाळी मालकानं पूजा केलीया. उद्यापतूर पेटी उघडायची न्हाई म्हणून बजावलंय. तुमीच तर ही रीत सांगत फिरता समद्यांना. मागल्या साली तुमच्याकडं जॅक मागाय आलो हुतो तर तुमी दारातनंच..."

"मला आठवतंय," तात्या म्हणाले.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि खिशात कोंबली. सरळ पेटीपाशी गेले. हार दोन्ही हातांनी उचलून ट्रकच्या आरशाला अडकवला. "मालकाला सांग, राजपुरे तात्यानं उघडली. काय लागायचं ते पाप मला लागू दे." आणि पेटीचं झाकण उघडलं.

पाइपपाना घेऊन ते परत आले, चाकापाशी बसले, पान्याचा जबडा नटावर बसवायला लागले. बसेना. एकदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला. त्यांचे हात इतके कापत होते की पाना नटावर टकटक वाजत होता. पन्नास वर्षं या माणसाच्या हातात पाना होता आणि आज तो धरवत नव्हता.

त्यांनी पाना माझ्यापुढं धरला. "तू सोडलेस ना? तूच आवळ."

मी पदर खोचला. आधी वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा, मग डावा, मग उजवा. पाना दर वेळी घसरायचा, नटाची कड खायचा, मी पुन्हा बसवायची. हातानं जाईना तेव्हा दांड्यावर पाय दिला. हसन म्हणाला, "मी करू का वैनी?" तात्यांनी त्याला हातानंच थांबवलं. चारही नट दोनदा आवळून झाले. मग तात्यांनी चाक धरून सगळ्या अंगानं हलवून पाहिलं. गाडी हलली, चाक हललं नाही.

"हं," ते म्हणाले.

टोपी त्यांनी लावलीच नाही, तशीच पुढच्या सीटवर टाकली. गाडीत बसताना मी जोडवं त्यांच्यापुढं धरलं. तेवढ्यात वन्संनी मान उचलली. कळ ओसरली होती, चेहरा पांढराफटक होता.

"हे आईचं आहे," त्या म्हणाल्या. "हे चेपलेलं... आईचंच आहे. ती गेली तेव्हा एक सापडलंच नव्हतं. किती शोधलं आम्ही. तात्या, हे कुठून आलं?"

तात्यांनी जोडवं घेऊन सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि गाडी सुरू केली.

पुढचा सगळा घाट गाडी मुकी होती. उंदीर चिरकला, दार एकदा खडखडलं, पण डाव्या चाकातून काही म्हणजे काही आलं नाही. प्रत्येक वळणाला मी कान टवकारून बसायची. आरशात तात्यांचे डोळे दिसत होते. तेही ऐकत होते.

वाईला पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. डॉक्टरीणबाई दारातच म्हणाल्या, "आणखी कुठं थांबला असता तर मला काही करता आलं नसतं." पोट फाडून मूल काढावं लागलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

ते कळल्यावर तात्या दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसले. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"तात्या, चूक माझी आहे."

"आहेच."

"मी टोपी काढायला नको होती."

"टोपीचं राहू दे. निघताना बोलली का नाहीस?"

मला खोटं सुचलं नाही. "तुमची भीती वाटली."

त्यांनी मान वर केली. "एवढी? पोरगी मरायला टेकलेली, आणि तरी माझी भीती?"

"हो."

त्यांनी मग खिशातून जोडवं काढलं.

"शेवटच्या दुखण्यात सारखी म्हणायची, एकदा वाईला घेऊन चला. इथलीच ती, पलीकडच्या आळीतली. मी म्हणायचो, नेतो, गाडीत एक आवाज येतोय तेवढा सापडू दे. बॉनेट उघडून बसायचो रोज. तो सापडला त्या दिवशी घरात आलो, तर ती..." त्यांनी जोडवं बोटात फिरवलं. "पायातली काढली तेव्हा एक मी मुठीत ठेवलं, आणि नंतर त्या चाकाच्या टोपीत. म्हटलं, आता तरी नेऊ. जाईन तेव्हा बरोबर नेऊ."

आणि मग त्यांचा आवाजच फुटला. "चाक निखळत होतं, मालन, आणि मी पोरीला सांगत होतो, खुशीत आहे म्हणून."

सासऱ्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. काय करायचं ते कळेना. मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. सून सासऱ्याच्या शेजारी बसत नसे तेव्हा. त्यांनी जरा सरकून मला जागा करून दिली.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. हत्यारं पाटावर मांडली होती, निरांजन लावलं होतं, आमचे हे घंटा घेऊन उभे होते, निमावन्संची छकुली पाटाकडं रांगत सुटत होती. तात्या आसनावर बसले आणि पूजा सुरू करेनात.

"तात्या, वेळ होतेय," हे म्हणाले.

"होऊ दे." त्यांनी ओळीतला चाकाचा पाना उचलला आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला. "आधी चाकं आवळून ये. मग पूजा."

मी चारही चाकांचे सोळा नट आवळून आले. तोवर ते तसेच बसून होते. पाना त्यांनी जागेवर ठेवला आणि त्याच्या शेजारी खिशातलं जोडवं ठेवलं. दोन्हींना हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याला पूजा उचलून आम्ही दोघं वाईला निघालो, वन्संच्या सासरी सोनं द्यायला. मी नेहमीसारखी मागं, डाव्या खिडकीशी. जोडवं त्यांच्या खिशात होतं. पहिलं वळण आलं तसा त्यांनी वेग कमी केला, नेहमी करायचे तेवढाच.

"वाजतंय का काही?"

"नाही तात्या."

"नीट ऐक."

मी खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, चाकाकडं कान दिला. "नाही. काहीच नाही."

"बरं," ते म्हणाले. पण वळण संपेपर्यंत गाडी त्यांनी हळूच ठेवली.